आले व शस्त्रक्रियोत्तर वांती

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला होणारी मळमळ व वांती (ओकारी) टाळण्यासाठी किंवा शमविण्यासाठी आल्याचा केला जाणारा उपयोग. हा उपयोग प्राचीन वैद्यकातून जसाच्या तसा आलेला आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्याचा इतिहास दोन स्वतंत्र प्रवाहांचा आहे. अपचन, मोडशी व प्रवासातील मळमळ यांवर आले व सुंठ देण्याची लोकपरंपरा हा पहिला प्रवाह असून तो पुष्कळ जुना आहे. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतरची वांती हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निर्माण झाला आणि त्यावर आल्याची पद्धतशीर परीक्षा विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. या दोन प्रवाहांना जोडणारा दुवा समुद्रप्रवासातील वांती हा होय. त्यामुळे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण किनाऱ्यासारख्या दर्यावर्दी प्रदेशाच्या संदर्भात हा विषय विशेष उद्‌बोधक ठरतो.

स्वरूप व नावे : आले (शास्त्रीय नाव झिंजिबर ऑफिसिनेल, कुल झिंजिबरेसी) म्हणजे त्याच नावाच्या लहान ओषधीचे जमिनीत वाढणारे मांसल, गाठाळ खोड (मूलक्षोड) होय. ओल्या खोडास संस्कृतात आर्द्रक व शृंगवेर आणि वाळविलेल्या खोडास शुंठी, नागर, विश्वभेषज, महौषध अशी नावे आहेत. मराठीत पहिल्यास आले व दुसऱ्यास सुंठ म्हणतात. हा भेद केवळ नावाचा नाही. ओल्या आल्यात सु. ८० टक्के पाणी असते. त्याचा तिखटपणा मुख्यत्वे जिंजेरॉल या द्रव्यगटामुळे असतो. वाळविताना त्यातील काही भागाचे शोगाओल या अधिक तिखट द्रव्यगटात रूपांतर होते. म्हणून ओल्या आल्याचा तुकडा, सुंठीचे चूर्ण व कारखान्यात काढलेला अर्क ही औषधी दृष्ट्या एकच वस्तू मानता येत नाही. पुढे वर्णिलेल्या चाचण्यांच्या परस्परविरोधी निष्कर्षांमागील एक कारण हेही असण्याचा संभव आहे.

महाराष्ट्रात आल्याची मोठ्या प्रमाणावरील लागवड सातारा जिल्ह्यात होते. ‘माहीम’ हा येथील परिचित वाण आहे. दक्षिण कोकणात आले हे परसातील आणि नारळी-पोफळीच्या बागांच्या विरळ सावलीतील पीक म्हणून घरापुरते लावले जाते. रामनवमी व गोकुळाष्टमीच्या प्रसादाचा सुंठवडा, बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या सुंठ-गुळाच्या गोळ्या, प्रवासात जवळ बाळगायची आलेपाकाची वडी आणि ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण यांवरून आल्याचे मराठी घरातील औषधी स्थान स्पष्ट होते.

प्राचीन वैद्यक : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे त्यांच्या कार्यानुसार दहा-दहांचे गट पाडले आहेत. त्यांपैकी दीपनीय (भूक वाढविणाऱ्या) व शूलप्रशमन (पोटातील कळ थांबविणाऱ्या) या गटांत शृंगवेर, तर तृप्तिघ्न (पोट भरल्याची खोटी भावना घालविणाऱ्या) गटात नागर म्हणजे सुंठ येते. तथापि छर्दिनिग्रहण म्हणजे वांती थांबविणाऱ्या गटात आल्याचा समावेश नाही. त्या गटात जांभूळ व आंबा यांची कोवळी पाने, महाळुंग, आंबट बोर, डाळिंब, जव, ज्येष्ठमध, वाळा, माती व लाह्या ही द्रव्ये आहेत. आले हे मुख्यत्वे अग्निदीपक व पाचक आहे आणि वांती अपचनातून उद्‌भवली असेल तर ते उपकारक ठरते, अशी ही मांडणी दिसते. छर्दीवरील काही मिश्र योगांत सुंठ, मिरी व पिंपळी (त्रिकटू) येतात, तेही याच धोरणाने. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात जेवणापूर्वी मीठ लावलेले आले खाणे हितकर म्हटले आहे. तेथेही भर अग्निदीपनावरच आहे. मराठी घरांत ओकाऱ्या होणाऱ्या रुग्णास साळीच्या लाह्यांचे पाणी देण्याची चाल आहे; ती चरकाच्या छर्दिनिग्रहण गटाशी अधिक जवळची आहे.

चीनमधील परंपरा या बाबतीत वेगळी आहे. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या जांग जुंगजिंग या वैद्याच्या नावावरील ग्रंथात ओले आले व पिनेलिया वनस्पतीचा कंद यांचा काढा वांतीवर स्पष्टपणे सांगितला आहे. वांतीवरील औषध म्हणून आल्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने तेथे.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माची विस्तृत चर्चा आहे. परंतु शस्त्रकर्मोत्तर वांती हा त्यात प्रमुख प्रश्न म्हणून येत नाही. त्या काळी आजच्या अर्थाने भूल दिली जात नसे. रुग्णास मूर्च्छा येऊ नये म्हणून शस्त्रकर्मापूर्वी त्याला जेवू घालावे आणि मद्य घेणाऱ्यास मद्य पाजावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर व मुखरोग यांतील शस्त्रकर्म मात्र उपाशीपोटी करावे, असा अपवादही त्याने नोंदविला आहे. सरसकट उपवासाचा आधुनिक नियम शुद्धिहारक औषधांच्या वापरानंतरचा आहे. म्हणून आल्याच्या प्रस्तुत उपयोगाचे मूळ प्राचीन शल्यतंत्रात शोधणे इतिहासाला धरून होत नाही.

कोकण-गोमंतक किनाऱ्यावरील नोंदी : पश्चिम किनाऱ्यावरील औषधींची यूरोपीय भाषेतील पहिली महत्त्वाची नोंद गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने केली. तो १५३४ मध्ये भारतात आला व त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात आल्यावर स्वतंत्र संवाद असून ओल्या व वाळलेल्या आल्यासाठी निरनिराळी देशी नावे दिली आहेत. याच ग्रंथात जुलाब व वांत्यांच्या एका घातक रोगाचे वर्णन आहे. त्याच्या स्थानिक नावाचे मूळ ‘मोडशी’ या शब्दात आहे. त्यावर येथील लोक मिरी व जिरे घातलेली तांदळाची कांजी देत, असे ऑर्ता नमूद करतो. कोकणात आजाऱ्याला पेज देण्याची रीत आजही आहे.

कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने सिद्ध करविलेल्या व १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या हॉर्टस मलबारिकस या ग्रंथात आल्याचे वर्णन ‘इंची’ या मलयाळम् नावाने आहे. या कार्यात रंगभट्ट, विनायक पंडित व आपुभट्ट या तीन कोकणी भाषिक वैद्यांनी साहाय्य केले होते. १६७५ मधील त्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत व कोकणी भाषेत ग्रंथाच्या आरंभी छापलेले आहे. किनाऱ्यावरील वैद्यांचे ज्ञान यूरोपीय वनस्पतिविज्ञानात कसे पोहोचले, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पुढे ब्रिटिश औषधिकोशात आल्याला स्थान मिळाले. त्यात ते सुगंधी, वातानुलोमक व इतर औषधांची चव झाकणारे द्रव्य म्हणून होते.

मालवण किनारा व ‘बोट लागणे’ : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे नाव ज्या किल्ल्यावरून पडले, तो किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर बांधावयास घेतला. विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ले ही या किनाऱ्यावरील जुनी बंदरे होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या भागातील लोकांचा मुंबईशी मुख्य संबंध आगबोटींच्या द्वारे राही. बोट खोल पाण्यात उभी राहत असे आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. त्या हेलकाव्यातच अनेकांना मळमळू लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला, तरी वारा फिरल्यावर डेकवरील उतारूंचे हाल होत. या अनुभवावरून मराठीत ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. मोटारींच्या प्रसारानंतर त्याच धर्तीवर ‘गाडी लागणे’ असे म्हटले जाऊ लागले. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळणे, आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात धरणे आणि लिंबू हुंगणे हे त्यावरील घरगुती उपाय होत. घाटातील मोटारप्रवासात ते अजूनही केले जातात.

या परंपरेची शास्त्रीय परीक्षा इतरत्र झाली. १९८२ मध्ये मौरी व क्लेसन या अमेरिकी संशोधकांनी, बोट सहज लागते असे सांगणाऱ्या ३६ विद्यार्थ्यांना फिरत्या खुर्चीवर बसवून सुंठीच्या चूर्णाची डायमेनहायड्रिनेट या प्रचलित औषधाशी तुलना केली. त्यात सुंठ अधिक गुणकारी आढळली. १९८८ मध्ये डेन्मार्कमध्ये खवळलेल्या समुद्राची सवय नसलेल्या ८० नौदल छात्रांवर १ ग्रॅ. सुंठीची चाचणी झाली. निष्क्रिय चूर्ण घेणाऱ्यांच्या तुलनेने सुंठ घेणाऱ्यांत वांती व घाम सुटणे यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. मळमळ व घेरी यांतील फरक मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुंठीचा काहीच परिणाम दिसला नाही.

शुद्धिहरण व वांती : १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथराच्या साहाय्याने शस्त्रक्रियेतील वेदना टाळता येते, हे जाहीरपणे दाखविले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे जेम्स सिम्सन याने क्लोरोफॉर्म वापरले. १८४७ मध्येच कलकत्ता येथे ईथराचा वापर झाला. शल्यचिकित्सेची मोठी अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु शुद्धीवर येताना होणाऱ्या वांत्यांचा नवा उपद्रव उत्पन्न झाला. ईथराच्या काळात तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक रुग्णांना हा त्रास होई. [⟶ शुद्धिहरण].

मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड (१८२२–७४) होते. गोव्याच्या उत्तर भागातील मांद्रे या गावी जन्मलेले भाऊ दाजी आधुनिक वैद्यक शिकले होते व त्यांनी देशी वनौषधींचाही शोध घेतला. कुष्ठरोगावरील त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. नवी शस्त्रक्रिया व जुन्या औषधी यांचे ज्ञान अशा रीतीने एकाच पिढीच्या हाती आले होते. तथापि एका औषधाची दुसऱ्याशी किंवा निष्क्रिय गोळीशी यदृच्छ विभागणीने तुलना करण्याची पद्धत वैद्यकात १९४८ च्या सुमारास रुजली. तोपर्यंत आल्याविषयीचा अनुभव हा अनुभवच राहिला.

दक्षिण कोकणात आधुनिक शस्त्रक्रिया उशिरा पोहोचली. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे वेंगुर्ले येथील रुग्णालय आणि त्याच मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे उघडलेले रुग्णालय यांचा या संदर्भात उल्लेख करावा लागेल. मिरजेचा शस्त्रक्रियेसाठी इतका लौकिक झाला की, दूरदूरचे रुग्ण तेथे जात. मिरजेहून कोकणात परतावयाचे म्हणजे घाट उतरावा लागे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी असा प्रवास करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत वाहनाच्या हेलकाव्यांची वांती व भुलीची वांती लोकांच्या मनात एकत्र होणे स्वाभाविक होते.

या लोकसमजुतीत तथ्याचा अंश आहे. १९९९ मध्ये क्रिस्टियान आप्फेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियोत्तर वांतीचा धोका वर्तविणाऱ्या चार बाबी निश्चित केल्या. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी अशी वांती झालेली असणे किंवा बोट अथवा गाडी लागण्याची प्रवृत्ती असणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य वेदनाशामक दिले जाणे, या त्या होत. यांपैकी एकही बाब नसल्यास धोका सु. १० टक्के व चारही असल्यास सु. ८० टक्के असतो. एकंदर रुग्णांपैकी सु. ३० टक्क्यांना हा त्रास होतो. ज्याला बोट लागते त्याला भूलही ‘लागण्याचा’ संभव अधिक, हे यावरून सिद्ध होते. परंतु दोन्ही वांत्यांचा कल एका व्यक्तीत आढळतो म्हणून दोहोंवर एकच औषध चालेल, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

रुग्णालयीन चाचण्या : आल्याची शस्त्रक्रियोत्तर वांतीवरील पहिली उल्लेखनीय चाचणी लंडन येथील सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात झाली व १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्रीरोगविषयक मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ६० स्त्रियांचे तीन गट करून त्यांना सुंठ १ ग्रॅ., मेटोक्लोप्रामाइड १० मिग्रॅ. किंवा निष्क्रिय औषध देण्यात आले. निष्क्रिय औषधाच्या मानाने सुंठ घेणाऱ्यांत मळमळ कमी आढळली. १९९३ मध्ये इंग्लंडमध्येच १२० स्त्रियांवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अशीच तुलना झाली. मळमळ व वांतीचे प्रमाण सुंठीने २१ टक्के, मेटोक्लोप्रामाइडाने २७ टक्के व निष्क्रिय औषधाने ४१ टक्के होते.

या निष्कर्षांनी निर्माण झालेली आशा पुढील चाचण्यांनी काहीशी मंदावली. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील १०८ रुग्णांच्या चाचणीत अर्धा व एक ग्रॅ. या मात्रांचा काहीच लाभ दिसला नाही. १९९८ मध्ये थायलंडमधील १२० स्त्रियांच्या चाचणीत २ ग्रॅ. सुंठही निष्प्रभ ठरली. २००३ मधील जर्मनीतील सु. १८० रुग्णांच्या चाचणीत आल्याच्या अर्काचा उपयोग झाला नाही. २००० मध्ये एर्न्स्ट व पिटलर यांनी तोवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात शस्त्रक्रियोत्तर मळमळीबाबतचा लाभ निर्णायक ठरला नाही. उलट २००६ मधील दुसऱ्या एका आढाव्यात ३६३ रुग्णांच्या पाच चाचण्या एकत्र केल्या असता, किमान १ ग्रॅ. आल्याने शस्त्रक्रियोत्तर मळमळ व वांतीचा धोका सु. तीन-दशांशाने घटतो, असे दिसले.

यांवरून आल्याचा परिणाम असलाच तर तो मध्यम स्वरूपाचा आहे, असे म्हणता येते. बहुतेक चाचण्या लहान असून त्यांतील रुग्ण मुख्यत्वे स्त्रिया होत्या. सुंठीच्या चूर्णातील क्रियाशील द्रव्यांचे प्रमाणही सर्वत्र सारखे नव्हते. तिचा वास व चव ओळखू येत असल्याने कोणते औषध दिले हे रुग्णापासून पूर्णपणे लपविणे कठीण जाते. शिवाय १९९१ नंतर ऑन्डॅन्सेट्रॉन व त्या वर्गातील इतर औषधे प्रचारात आली आणि डेक्सामेथासोनाचाही वापर वाढला. त्यामुळे तुलनेचे मानदंडच बदलले.

क्रिया : वांतीचे नियंत्रण मेंदूच्या लंबमज्जेतून होते. आतड्याच्या अस्तरातील कोशिकांमधून सुटणारे सेरोटोनिन हे द्रव्य तेथील तंत्रिकाग्रांवर कार्य करून हा संदेश मेंदूकडे पाठविते. ऑन्डॅन्सेट्रॉन हे सेरोटोनिनाच्या ग्राहींना अडविते. जिंजेरॉल व शोगाओल हेही याच ग्राहींवर काही अंशी विरोधी क्रिया करतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. आल्यामुळे जठर लवकर रिकामे होते, असेही निरोगी व्यक्तींवरील प्रयोगांत दिसले आहे. चरकाने शृंगवेराला दीपनीय गटात घातले, त्याच्याशी हे निरीक्षण विसंगत नाही. कानातील तोलेंद्रियामुळे उद्‌भवणाऱ्या वांतीवर मात्र आल्याचे कार्य कसे होते, याचा निश्चित उलगडा झालेला नाही.

मर्यादा व दक्षता : आल्याच्या या उपयोगातील खरा धोका आल्यापेक्षा ते देण्याच्या वेळेत आहे. बेशुद्ध रुग्णाच्या जठरातील पदार्थ उलटून श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते. १९४६ मध्ये कर्टिस मेंडेलसन या अमेरिकी प्रसूतितज्ञाने अशा ६६ रुग्णांचे वर्णन केले. तेव्हापासून शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाला विशेष महत्त्व आले. सर्वसाधारण नियमानुसार हलका आहार सहा तास व पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधी थांबवितात. दुधातील आल्याचा चहा, आलेपाक किंवा पेज ही स्वच्छ द्रवात मोडत नाहीत. नातेवाइकांनी ‘मळमळू नये म्हणून’ शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी दिलेला असा पदार्थ अपायकारक ठरू शकतो. चाचण्यांतील सुंठ ही मोजलेल्या मात्रेत, ठराविक वेळी व शुद्धिहरणतज्ञाच्या माहितीने दिलेली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

आल्यामुळे रक्तातील बिंबाणूंच्या गुठळ्या होण्याची क्रिया मंदावते, असे काही प्रयोगांत आढळले असून काहींत तसे आढळलेले नाही. म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने औषध म्हणून मोठ्या मात्रेत घेत असलेल्या सुंठीची माहिती शल्यचिकित्सकास देणे इष्ट असते. स्वयंपाकातील नेहमीच्या प्रमाणाविषयी अशी शंका घेतली जात नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वांत्या थांबत नसतील, पोट फुगत असेल किंवा वांती हिरवट येत असेल, तर ते आतड्याच्या अडथळ्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी घरगुती उपायात वेळ दवडणे धोक्याचे असते.

आल्याचे स्थान सहायक औषधाचे आहे. अधिक धोका असलेल्या रुग्णांत सिद्ध वांतिरोधक औषधांची जागा ते घेऊ शकत नाही. धोका कमी असलेल्या आणि तोंडाने घेण्याची परवानगी मिळालेल्या रुग्णांत ते सौम्य, स्वस्त व परिचित साहाय्य देऊ शकते. मालवण किनाऱ्यावरील उतारूंच्या अनुभवातील आल्याचा गुण पूर्णपणे निराधार ठरलेला नाही. मात्र तो बोटीवरून शस्त्रक्रियागृहात जसाच्या तसा नेता येत नाही, हे गेल्या चार दशकांतील चाचण्यांनी दाखवून दिले आहे.